ट्रेलो : एकट्याने वेबसाइट चालवणाऱ्याच्या कामांचा फळा

आठवड्याला आठ-दहा तास. नोकरी आणि घर सांभाळून पाककृतींची, गडभटकंतीची किंवा शेतीसल्ल्याची मराठी वेबसाइट चालवणाऱ्याच्या हाती साधारण एवढाच वेळ उरतो. लेख तोच लिहितो, फोटो तोच काढतो, प्लगइन (साइटला जोडलेल्या जादा सोयी) तोच अपडेट करतो आणि डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पैसेही तोच भरतो. अशा माणसाला ट्रेलो, म्हणजे कामांची कार्डे एका बोर्डावर उभ्या लिस्टमध्ये लावून ठेवायचे ऑनलाइन साधन, कितपत उपयोगी पडते, एवढेच इथे पाहिले आहे. दहा जणांच्या ऑफिसच्या गरजा वेगळ्या असतात.

निकाल आधीच सांगतो. फुकटचा प्लॅन पुरतो आणि तो जरूर वापरावा. पण ट्रेलो कामे नुसती दाखवते. कोणते आधी आणि कोणते नंतर, हे ते सांगत नाही. ते ठरवायला लागणारे आकडे गूगल सर्च कन्सोलमधून (आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणारे साधन) आणि तारखा पंचांगातून आणाव्या लागतात. ही जोड दिली नाही, तर महिन्या-दोन महिन्यांत बोर्डावर शंभर-दीडशे कार्डे साचतात आणि बोर्ड उघडायचीच इच्छा उरत नाही.

बोर्डाची मांडणी

ट्रेलो २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक सॉफ्टवेअरने आणले आणि २०१७ मध्ये ॲटलासियनने ते साडेबेचाळीस कोटी डॉलरना विकत घेतले. मूळ कल्पना मात्र जपानची, टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान पद्धतीची. पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्या टप्प्याने माल बनवायचा नाही, म्हणजे अर्धवट माल साचत नाही. ट्रेलो वापरणारे बहुतेक जण उभ्या लिस्ट आणि सरकणारी कार्डे तेवढी घेतात आणि हा नियम सोडून देतात. खरा फायदा त्या नियमातच आहे.

एकट्या मालकाने सहा लिस्ट ठेवाव्यात: आवक, या महिन्यात, या आठवड्यात, हातात, थांबलेले, झाले. मग बोर्डाच्या मेनूत पॉवर-अप्समध्ये (ट्रेलोला जोडायच्या जादा सोयींमध्ये) जाऊन 'लिस्ट लिमिट्स' जोडावे. 'या आठवड्यात'ला पाचची आणि 'हातात'ला दोनची मर्यादा घालावी. दोनच का, असे विचारणारे नेहमी भेटतात. एक लेखनाचे आणि एक तांत्रिक, अशी दोन कामे हातात असली की डोके एका कामाला विटल्यावर दुसरे घेता येते. तिसरे घेतले की तिन्ही अर्धवट राहतात. एक लक्षात ठेवा, मर्यादा ओलांडली तरी ट्रेलो अडवत नाही. लिस्टचा रंग बदलून फक्त जाणीव करून देते. सहावे कार्ड आत घ्यायचे तर पाचांपैकी एक बाहेर काढायचे, हे तुमचे तुम्हालाच पाळावे लागते.

सहांमध्ये सर्वांत मोलाची लिस्ट 'थांबलेले', आणि नेमकी तीच लोक ठेवत नाहीत. वेबसाइटच्या कितीतरी कामांत आपले काम संपलेले असते, पण निकाल यायचा असतो. पाने जड झाली म्हणून चित्रे हलकी केली, समजा. सर्च कन्सोलचा कोअर वेब व्हायटल्स हा पानांच्या वेगाचा अहवाल खऱ्या वाचकांच्या मागच्या २८ दिवसांच्या अनुभवावर बनतो, त्यामुळे आज केलेली सुधारणा तिथे पूर्ण उतरायला जवळपास महिना जातो. हे ठाऊक नसलेला माणूस चौथ्या दिवशी अहवाल उघडतो, फरक दिसत नाही म्हणून दुसरे प्लगइन टाकतो, आठव्या दिवशी तिसरे. मग सुधारणा कशाने झाली आणि बिघाड कशाने, दोन्ही कळेनासे होते. कार्ड 'थांबलेले'मध्ये टाकावे, तारीख २८ दिवसांनंतरची द्यावी आणि तोवर त्या पानांना हात लावू नये. होस्टिंग कंपनीच्या उत्तराची वाट, डिझायनरकडून यायचे चित्र, पान गूगलमध्ये येण्याची विनंती, ही सगळी कार्डेही इथेच.

कार्डाचे नाव क्रियापदावर संपले पाहिजे आणि त्यात अंदाजे वेळ हवा. 'एसईओ' (शोधात वर येण्यासाठीची कामे) असे कार्ड कधीच 'झाले'मध्ये जाणार नाही, कारण त्याला शेवटच नाही. 'मोदकाच्या लेखाचे शीर्षक आणि पहिला परिच्छेद बदलणे [४५ मि]' हे एका बैठकीत संपते. वेळेसाठी वेगळा रकाना हवा असेल तर त्याला कस्टम फील्ड्स लागतात आणि ती सोय पैसे भरल्यावरच मिळते. कंसातले मिनिट तेच काम फुकटात करतात. काम झाल्यावर खरा लागलेला वेळही शेजारी लिहावा: [४५, लागले ११०]. चार आठवड्यांची 'झाले' लिस्ट पुढे घेऊन बसलात की आपला अंदाज कुठल्या कामात किती चुकतो ते उघड दिसते. लेखनाचा अंदाज फारसा चुकत नाही. फोटो काढणे, निवडणे, लहान करणे आणि चढवणे यांचा मात्र हमखास चुकतो.

दोन तासांपेक्षा मोठे काम एका कार्डावर ठेवू नये. कार्डात चेकलिस्ट करून तिच्या ओळी लिहाव्यात. एखादी ओळ फुगली तर तिच्या शेजारच्या तीन ठिपक्यांतून तिचे वेगळे कार्ड करता येते. ही छोटीशी सोय ट्रेलोतल्या सर्वांत उपयोगी सोयींपैकी एक आहे.

आधी काय, हे कसे ठरवायचे

वेबसाइटच्या कामांचा अग्रक्रम मोघम 'महत्त्वाचे' आणि 'तातडीचे' असा लावला की सगळेच महत्त्वाचे वाटू लागते. त्यापेक्षा सरळ चार पायऱ्या कराव्यात आणि प्रत्येकीला एका रंगाचे लेबल द्यावे. लाल म्हणजे जे चुकले तर साइट बंद पडते: डोमेन, सुरक्षित जोडणीचे (https) प्रमाणपत्र, बॅकअप, सुरक्षेचे अपडेट, पैसे घेत असाल तर पेमेंटचे पान. केशरी म्हणजे आधीच वाचक आणणारी, पण घसरू लागलेली पाने. हिरवे म्हणजे नवीन लेखन. राखाडी म्हणजे लोगो, रंग, फॉन्ट, नवी थीम. नव्या मालकाचा सर्वाधिक वेळ राखाडीत जातो, कारण ते काम डोळ्यांना लगेच दिसते. आठवड्याच्या दहा तासांची वाटणी करायची तर लालला एक, केशरीला चार, हिरव्याला तीन आणि वाचकांच्या पत्रांना एक तास ठेवून एक तास मोकळा ठेवावा. राखाडीला त्या मोकळ्या तासातून उरले तर. सुरू होऊन वर्षही न झालेल्या साइटवर केशरी आणि हिरव्याची अदलाबदल करावी. दुरुस्त करण्याइतका जुना मजकूर तिच्यापाशी नसतो.

केशरी कार्डे अंदाजाने बनवायची नाहीत. सर्च कन्सोलच्या कामगिरी अहवालात मागचे २८ दिवस निवडा, इंप्रेशन (पान शोधात किती वेळा दिसले), सीटीआर (त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झाले) आणि सरासरी स्थान हे तिन्ही चालू करा आणि पानांची यादी इंप्रेशननुसार लावा. समजा एका पानाला ४,००० इंप्रेशन, स्थान ८ आणि सीटीआर १.२ टक्के आहे. म्हणजे ४८ क्लिक. पान शोधनिकालांच्या पहिल्याच पानावर, पण तळाकडे आहे. लोकांना दिसते आहे, पण ते उघडत नाहीत. इथे पाऊण तासाचे काम फळ देते. दुसऱ्या पानाला ९० इंप्रेशन आणि स्थान ४५ असेल तर त्याचे कार्डच करू नका. एक सावधगिरी: पानाचे सरासरी स्थान फसवे असते. एकच पान एका शोधाला तिसरे आणि दुसऱ्या शोधाला साठावे असू शकते. म्हणून पानावर क्लिक करून क्वेरींचा (लोकांनी शोधलेल्या शब्दांचा) टॅब उघडावा आणि स्थान ५ ते १५ मधल्या क्वेरी टिपाव्यात. मराठी साइटवर तोच शोध देवनागरीत आणि रोमन लिपीत असा दोन्हीकडे विखुरलेला दिसतो. दोन्हींची बेरीज करूनच निर्णय घ्यावा, नाहीतर चांगले पान किरकोळ वाटून मागे पडते.

या क्वेरी कार्डाच्या वर्णनात जशाच्या तशा चिकटवाव्यात. उकडीच्या मोदकांच्या लेखावर लोक 'मोदक का फुटतात' असे विचारत येत असतील आणि लेखात फक्त साहित्य-कृती असेल, तर काय लिहायचे ते तिथेच ठरले: पिठीला पाणी कमी पडले, उकड नीट मळली नाही, पारी कडेला जाड-पातळ राहिली. कार्ड उघडल्यावर विचार करत बसावे लागत नाही, थेट लिहायला घेता येते. वेळेची खरी बचत इथे होते.

पानाचा वेग हाही केशरी विभाग, पण त्याला मर्यादा हवी. एलसीपी (मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ) अडीच सेकंदांच्या आत, आयएनपी (क्लिकला पानाने प्रतिसाद द्यायचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत आणि सीएलएस (पान उघडताना मजकूर किती हलतो त्याचे माप) ०.१ च्या आत असेल तर गूगलच्या लेखी पान 'चांगले' आहे. त्यापुढे चाचणीच्या साधनात ९२ चे १०० करण्यासाठी रविवार घालवू नये.

सणांची तारीख आणि ट्रेलोची अडचण

आता ट्रेलोची जी उणीव मराठी साइटला सर्वांत जास्त जाणवते, ती. दरवर्षी येणाऱ्या कामांसाठी 'कार्ड रिपीटर' हे पॉवर-अप आहे. आठवड्याने, महिन्याने, वर्षाने कार्डाची नवी प्रत आपोआप तयार होते. हिशेब मात्र इंग्रजी तारखेचा. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला, कारण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. संक्रांत सोडली तर सण एरवी वर्षाला दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. वर्षाने फिरणारे कार्ड म्हणूनच कधी वेळेआधी, तर कधी उशिरा उगवते.

यावर रिपीटरचा उपयोग नाही. पंचांग हाती आले की एकाच बैठकीत वर्षाची सगळी सणांची कार्डे हाताने टाकावीत: गुढीपाडवा, आषाढी, गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांत. प्रत्येकाची शेवटची तारीख सणाच्या सहा आठवडे आधीची. सहा आठवडे यासाठी की बदललेले पान गूगलने पुन्हा वाचायला आणि शोधात स्थिरावायला वेळ लागतो, आणि फोटोसाठी पदार्थ एकदा घरी करावाच लागतो. चकलीचा लेख वसुबारसेला सुधारला तर त्याचा उपयोग पुढच्या दिवाळीला. सर्च कन्सोल १६ महिन्यांचेच आकडे ठेवते, त्यामुळे मागच्या सणाच्या आधीच्या दोन महिन्यांत कधी आणि कोणत्या शब्दांनी शोध सुरू झाला, हे पाहून कार्डात नोंदवून ठेवावे. तुलना करताना तारखेला तारीख लावू नये, सणाला सण लावावा. २०२५ चा ऑगस्ट आणि २०२६ चा ऑगस्ट शेजारी ठेवले तर गणपतीचे पान कोसळल्यासारखे दिसेल आणि नसलेल्या रोगावर आठवडा जाईल.

रिपीटरचा दुसरा दोष असा की आधीचे कार्ड पूर्ण झाले की नाही हे तो बघत नाही. आठवड्याच्या बॅकअपचे काम तीन आठवडे राहिले तर तीन कार्डे एकाखाली एक उभी राहतात आणि डोळा सगळ्यांवरूनच घसरतो. रिपीटरवर फक्त दोन-तीन कामे ठेवावीत आणि नवी प्रत दिसताच जुनी आर्काइव्ह करावी, म्हणजे बोर्डावरून बाजूला काढावी.

लाल कार्डे

शेवटच्या तारखेची आठवण ट्रेलो जास्तीत जास्त दोन दिवस आधी देते. लाल कामांना एवढे अंतर पुरत नाही. म्हणून कार्डावर खरी तारीख टाकू नये. डोमेन संपायच्या ४५ दिवस आधीची तारीख कार्डाला द्यावी आणि खरी तारीख नावातच लिहावी.

डोमेन 'ऑटो-रिन्यू'वर आहे म्हणून निर्धास्त राहणे भारतात धोक्याचे आहे. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, आणि बँकेच्या कार्डावरून आपोआप होणाऱ्या वजावटीसाठी आधी नोंदणी व पूर्वसूचना आवश्यक ठरली. परदेशी कंपनीकडे भारतीय कार्डाने लावलेली ऑटो-रिन्यू त्यामुळे नाकारली जाऊ शकते. नाकारल्याचा मेल वर्षानुवर्षे न उघडलेल्या पत्त्यावर जातो आणि एके दिवशी साइटच दिसत नाही. ट्रेलोच्या कार्डावर पैसे हाताने भरणे आणि नवी संपण्याची तारीख स्वतः पाहणे, अशा दोन ओळींची चेकलिस्ट ठेवा. दुसरी ओळ पहिलीइतकीच आवश्यक आहे.

प्रमाणपत्राचेही तसेच. बहुतेक होस्टिंगवर लेट्स एन्क्रिप्टचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र असते आणि ते आपोआप नवे होते. नवे झाले नाही तर पूर्वी त्यांचा सूचनेचा मेल येई. तो ४ जून २०२५ पासून बंद झाला. आता महिन्यातून एकदा ब्राउझरमध्ये प्रमाणपत्राची तारीख पाहणे हे काम कार्डावरच असले पाहिजे. रिपीटरसाठी ते अगदी योग्य आहे, दोन मिनिटांचे आणि दरमहा एकाच तारखेचे.

साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर त्याच्या अपडेटचे कार्ड एकदा नीट लिहून त्याला 'टेम्प्लेट' करावे. ओळी अशा: डेटाबेस आणि डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर यांचा बॅकअप, बॅकअपची फाइल उतरवून तिचा आकार मागच्याशी ताडणे, प्लगइन एकेक करून, मग थीम, कॅशे (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) साफ, आणि शेवटी मोबाइलवर मुखपृष्ठ, एक लेख, संपर्काचा फॉर्म. सगळी प्लगइन एकदम निवडून अपडेट केली आणि पान पांढरे पडले तर दोष कुणाचा ते शोधण्यात संध्याकाळ जाते. एकेक केले असेल तर फाइल मॅनेजरमधून शेवटच्या प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलले की साइट परत येते. वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी प्रशासकाच्या पत्त्यावर दुरुस्तीच्या लिंकचा मेलही येतो, म्हणून तो पत्ता चालू आहे ना, हे चेकलिस्टच्या सुरुवातीलाच लिहावे. हे काम सकाळी करावे. रात्री झोपण्याआधी केलेले अपडेट बिघडले तर ते सकाळी वाचकांनाच आधी कळते.

आवक, फुकटच्या मर्यादा आणि पैसे

सुचलेला विषय, वाचकाने दाखवलेली चूक, मोडलेली लिंक, सगळे आधी 'आवक'मध्ये. प्रत्येक बोर्डाला स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो. त्यावर मेल पुढे पाठवला की विषयाची ओळ कार्डाचे नाव होते आणि मजकूर वर्णनात जातो. वाचकाचे पत्र आले की पुढे पाठवा आणि इनबॉक्स बंद करा. फोनवरचे ॲप नेट नसतानाही कार्ड घेते आणि नंतर जुळवून घेते, त्यामुळे लोकलमध्ये किंवा गडावर सुचलेले वाया जात नाही. आवक आठवड्यातून एकदाच निवडावी, अर्ध्या तासात. 'कार्ड एजिंग' हे पॉवर-अप लावले तर ज्यांना कुणी हात लावलेला नाही अशी कार्डे हळूहळू फिकट होत जातात. चार आठवडे फिकट पडलेले कार्ड आर्काइव्ह करावे. ते नष्ट होत नाही, हवे तेव्हा परत काढता येते, त्यामुळे मन मोठे करायला हरकत नाही.

फुकटच्या प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला दहा बोर्ड, कार्डे हवी तेवढी, एका फाइलला १० एमबीची मर्यादा आणि महिन्याला २५० स्वयंचलित कृती मिळतात. एकट्याला एक बोर्ड पुरते. लेखनाचे वेगळे आणि तांत्रिक कामाचे वेगळे असे दोन बोर्ड केले, तर तांत्रिक बोर्ड उघडायचेच राहून जाते. स्टँडर्ड प्लॅन वर्षाचे एकदम भरल्यास महिना ५ डॉलर पडतो. त्यात चेकलिस्टच्या प्रत्येक ओळीला तारीख देता येते आणि कस्टम फील्ड्स मिळतात. लेखक, फोटो काढणारा, मुद्रितशोधक असे तिघे-चौघे असाल तर ते पैसे वसूल होतात. कॅलेंडरचे दृश्य प्रीमियममध्ये, महिना १० डॉलरला. फक्त कॅलेंडरसाठी ते घेऊ नये, सणांच्या डझनभर तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणावल्या तरी काम होते.

पासवर्ड, होस्टिंगचे लॉगिन किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडणारी गुप्त किल्ली) कार्डावर कधीही लिहू नका. सार्वजनिक ठेवलेल्या ट्रेलो बोर्डांवरचे पासवर्ड गूगलच्या शोधात सापडतात, हे २०१८ मध्ये उघड झाले होते. बोर्ड 'प्रायव्हेट' आहे याची खात्री वरच्या पट्टीतल्या चिन्हावरून करून घ्या, आणि लॉगिनसाठी पासवर्ड मॅनेजर वेगळा ठेवा.

वर्षातून दोनदा बोर्डाच्या मेनूतून जेसन फाइल, म्हणजे बोर्डावरच्या माहितीची प्रत, उतरवून ठेवावी. फुकटात तेवढीच सोय आहे, एक्सेलमध्ये उघडणाऱ्या सीएसव्ही फाइलसाठी प्रीमियम लागते. जोडलेली चित्रे त्या फाइलमध्ये येत नाहीत, म्हणून लेखाचे मूळ फोटो ट्रेलोवर न ठेवता ड्राइव्हवर ठेवावेत आणि कार्डात फक्त लिंक द्यावी.